फायनान्सचं गटकर्ज: मशीनला चाललं, शेळ्यांना नाही (पाचपैकी अडीच स्टार)

हा रिव्ह्यू कुठल्या एका कंपनीचा नाही, गावोगाव फायनान्सवाले बायांना जे गटकर्ज देतात त्या कर्जाचा आहे. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, आमच्या कळंब तालुक्यात (जिल्हा धाराशिव) ज्या कंपन्यांच्या गाड्या फिरतात त्यांचा लोन कार्डाचा रंग सोडला तर बाकी सगळं सारखंच आहे. मी यातून पिको-फॉलचं मशीन घेतलं. माझ्या मोठ्या जाऊबाईंनी त्याच गटातून, त्याच साहेबाकडून (कर्ज देणारा-वसूल करणारा कंपनीचा माणूस, त्याला आम्ही साहेब म्हणतो), तेवढेच पैसे उचलून शेळ्या घेतल्या. माझं बरं चाललं, त्यांचं फसलं, आणि त्या माझ्यापेक्षा दुप्पट कष्टाळू आहेत म्हणून हे लिहावंसं वाटलं. शिवाय आमच्या उमेदच्या (सरकारच्या ग्रामीण बचत गटांच्या अभियानातल्या) बचत गटाचं पुस्तक मीच लिहिते, त्यामुळे दोन्हीकडचा हिशोब डोळ्यासमोर आहे.

आधी चांगलं सांगते. पैसे लवकर मिळतात. आधार, मतदान कार्ड, बँकेचं पासबुक, नवऱ्याचं आधार आणि फोटो, मग साहेब घरी येऊन चूल-पंखा-टीव्ही बघून जातो, मशीनवर अंगठा ठेवायचा, आठ-पंधरा दिवसांत पैसे खात्यावर. तारण नाही, जामीनदार नाही. शहरात राहणाऱ्याला हे साधं वाटंल, पण आमच्याकडं बाईच्या नावावर सातबारा कुठं असतो? घर सासऱ्याच्या नावावर, शेत सासऱ्याच्या नाहीतर मालकाच्या नावावर, सोनं म्हणजे गळ्यातले चार मणी, असं असताना बँकेत एकटी गेलं की दारातच विचारतात मालक कुठंयत. मग उरतो सावकार, शेकडा पाच, म्हणजे महिन्याला पाच टक्के, नड मोठी असली तर दहा पण घेतात. त्याच्यापुढं फायनान्स केव्हाही परवडलं, हे मान्य करायलाच पाहिजे. आमच्या गल्लीत एकीच्या पोराला रात्री लातूरला न्यावं लागलं तेव्हा तिला सावकाराच्या दारात जावं लागलं नाही, हप्त्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे हाताशी होते आणि पुढचा टॉपअप (चालू कर्जावर वाढीव कर्ज) लगेच मिळाला. एक स्टार यालाच.

आता किंमत. साहेब बोलताना म्हणतो, "ताई, साडेतेरा टक्केच बसतंय." लोन कार्डावर बघावं तर २४ टक्के. बाया म्हणतात साहेब खोटं बोलला, पण तसं नाहीये, त्यानं अर्धं सांगितलं. समजा ४० हजार घेतले, २४ महिने, २४ टक्के घटत्या शिलकीवर, तर महिन्याचा हप्ता साधारण २,११५ येतो. दोन वर्षांत भरले ५० हजार साडेसातशे, म्हणजे व्याज पावणेअकरा हजार. हेच व्याज पहिल्या दिवसाच्या ४० हजारांवर दोन वर्षं धरलं की साडेतेरा टक्क्याच्या आसपास दिसतं, पण मुद्दल तर दर महिन्याला कमी होत जातं ना, शेवटच्या दोन-तीन महिन्यांत कंपनीचे तुमच्याकडं चार-सहा हजारच उरलेले असतात. तर खरा आकडा कार्डावरचा. साहेब तोंडानं जो सांगतो तो सोडून द्यायचा.

आणि हातात ४० येत नाहीत. प्रोसेसिंग फी, तिच्यावर जीएसटी, नवरा-बायको दोघांचा विमा, सगळं आधीच कापून. विमा वाईट नाही, आमच्याच सेंटरमधल्या (हप्ता भरायला एकत्र बसणाऱ्या बायांमधल्या) एकीचे मालक वारले तेव्हा तिचं उरलेलं कर्ज माफ झालं, नाहीतर तेरावं व्हायच्या आत हप्ता मागायला आले असते. पण तो घ्यायचाच अशी सक्ती करून कापायचा नाही, तुमची परवानगी घेऊन घ्यायचा असा नियम आहे, आणि परवानगी म्हणजे कुठंतरी सही केली असेल एवढंच बायांना माहिती असतं. व्याजाला पूर्वी रिझर्व्ह बँकेची वरची मर्यादा होती, एप्रिल २०२२ पासून ती काढली, आता दर कंपनीचं बोर्ड ठरवतं, फक्त अवाच्या सवा लावायचा नाही असं म्हटलंय. म्हटलंय म्हणजे अगदीच कागदावर नाही, ऑक्टोबर २०२४ मध्ये जास्त व्याजाच्या कारणावरून रिझर्व्ह बँकेनं चार कंपन्यांना नवीन कर्ज वाटायला बंदी घातली होती, त्यातल्या दोन मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे असलीच छोटी कर्जं देणाऱ्या होत्या.

पण खरं सांगू का, व्याजापेक्षा मला हप्त्याची तारीख जास्त खटकली. माझं पिकोचं काम म्हणजे रोजचं काम. साडीमागं सत्तर-ऐंशी रुपये सुटतात, लग्नसराईत दिवसाला दहा-बारा साड्या येतात, आखाडात एक-दोन, पण गल्ल्यात काही ना काही पडतं. हप्ता पहिल्याच महिन्यापासून सुरू झाला तरी मला जड गेलं नाही कारण मशीन आलं त्या आठवड्यातच ते कमवायला लागलं होतं. हेच दुधाचं. डेअरीचा पगार दहा दिवसाला होतो, म्हैस दुभती आणली तर हप्ता दुधातनंच निघतो. गिरणी, चहाचं हॉटेल, बाजारात भाजी घेऊन बसणं, बांगड्यांची पाटी, यांना पण जमतं.

जाऊबाईंनी घेतल्या शेळ्या. चार उस्मानाबादी, आपल्याच भागातली जात, जुळी देते, काटक असते, निवड चुकीची अजिबात नव्हती. पण शेळी गाभण राहिल्यावर पाच महिन्यांनी विते, आणि करडू बाजारात चांगल्या भावानं जायला आणखी सहा-आठ महिने लागतात. म्हणजे पहिला रुपया हातात यायला धरा अकरा ते तेरा महिने. तोवर महिन्याला २,११५ प्रमाणे पहिल्या दहा महिन्यांतच एकवीस हजारांच्या वर परत करायचे. म्हणजे ४० हजार कर्ज म्हणायचं, पण त्यातले निम्मे पैसे शेळीनं काही द्यायच्या आतच माघारी गेले, ते आणायचे कुठून? तर खुरपणीतून, सोयाबीन काढणीतून. पावसाळ्यात मजुरी मिळते तोवर भरले. फाल्गुन-चैत्रात रानात काम नाही, मग माझ्याकडून उसने, मग माहेराहून, आणि शेवटी मे महिन्यात एक गाभण शेळी व्यापाऱ्याला दिली आणि त्या पैशात दोन-तीन हप्ते भागवले. गाभण शेळी! ज्याच्यासाठी कर्ज काढलं तेच विकून कर्ज फेडायचं. नडलेलं गिऱ्हाईक व्यापारी लांबूनच ओळखतो, भाव पण पाडून दिला. बकरी ईदेच्या आधी बोकड विकायचे असं त्यांचं गणित होतं, ते बरोबर होतं, फक्त तोवर दम धरायला हप्त्यानं जागाच ठेवली नाही.

कंपनीला हे कळत नाही असं नाही. फॉर्मवर कर्जाचं कारण 'शेळीपालन' असंच लिहिलेलं असतं, मला वाटतं आमच्या निम्म्या सेंटरचं तेच लिहिलंय, साहेबाला ते टाइप करायला सोपं पडतं. मग शेळीपालनाला पहिले सहा-आठ महिने नुसतं व्याज आणि नंतर मुद्दल असा हप्ता लावायला काय हरकत होती? सोयाबीनला जसं पीककर्ज सुगीनंतर भरायचं असतं तसं. पण सगळ्यांना एकच साचा, कारण साहेबाला एका दिवसात पाच-सहा सेंटर करायचे असतात आणि वेगवेगळे हप्ते गोळा करणं त्याला झेपत नाही. यासाठी मी अख्खा एक स्टार कापलाय.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं तर आणखी वेगळं. दसरा-दिवाळीनंतर जोडपं कारखान्यावर जातं ते पाच-सहा महिन्यांनी येतं. मुकादमाकडून उचल घेतली की त्यातलेच पैसे फायनान्सला जातात, म्हणजे एका कर्जातून दुसरं कर्ज, आणि ती उचल फेडायला बाईनं थंडीत पहाटे कोयता धरायचा. हा धंदा वाढवायचा पैसा म्हणायचा का?

आता सेंटर मीटिंग. पाच जणींचा एक गट, असे चार-पाच गट मिळून एक सेंटर, कुणाच्या तरी ओट्यावर सकाळी बसायचं. सुरुवातीला मजा वाटते, बाया एकत्र येतात, साहेब बावीस-तेवीस वर्षांचं पोरगं असतं, मावशी-काकू करत बोलतं. एकीचा हप्ता कमी पडला की वातावरण बदलतं. सगळ्यांनी बसायचं, उठायचं नाही, पैसे पुरे झाल्याशिवाय साहेब जात नाही. पोरांच्या शाळेचे डबे राहिलेत, रानात रोजंदारी बुडतेय, आणि मग साहेबाला काही बोलावंच लागत नाही, बायाच तिच्यावर तुटून पडतात. जाऊबाईंना ज्या बाईनं सगळ्यांसमोर बोललं ती त्यांची पंचवीस वर्षांची मैत्रीण, अजून बोलणं नीट नाही. कर्जाची सगळी ताकद या शरमेवर उभी आहे, तारण नाही म्हणतात पण अब्रू तारण ठेवलेली असते. आणि त्या साहेबाला पण शिव्या देऊन उपयोग नाही, वसुली कमी झाली की त्याचा इन्सेंटिव्ह जातो, तो पण कुणाच्या तरी गावाकडचा पोरगाच आहे.

घरी येऊन बसणं, संध्याकाळी फोन, नातेवाइकांना फोन, हे आमच्याकडं झालंय. आणि हे नियमात बसत नाही, ते मला नंतर कळलं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमात स्पष्ट आहे की वसुली दोघांनी ठरवलेल्या जागेवरच, बाई लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा त्या जागी आली नाही तरच घरी किंवा कामाच्या जागी जाता येतं. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी, नावं जाहीर करणं, नातेवाइकांना त्रास देणं, सगळं बंद. उशिराचा दंड फक्त थकलेल्या रकमेवर, अख्ख्या कर्जावर नाही. मुदतीआधी फेडलं तर एक रुपया दंड नाही, हे तर बायांना माहितीच नसतं, आमच्यात एक जण ऊस गेल्यावर पैसे आले तरी भरत नव्हती, तिला वाटायचं आधी भरलं तर कापतात. आणि लोन कार्ड आपल्याला कळंल त्या भाषेत पाहिजे, त्यावर व्याज, फी, विमा, तक्रारीचा नंबर, सगळं. तक्रार आधी कंपनीकडं करायची, महिन्याभरात काही झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, माहितीसाठी १४४४८ नंबर आहे. मी सेंटरमध्ये हा नंबर मोठ्यानं वाचून दाखवला तेव्हापासून साहेब आमच्या ओट्यावर जरा कमी वेळ बसतो 😄

अजून एक नियम, आणि हा पाळला असता तर निम्मा त्रास झालाच नसता. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत आहे त्यालाच हे कर्ज, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नये. पण उत्पन्नाचा आकडा लिहितो कोण? साहेब. बाई म्हणते कधी तीन हजार कधी दहा, तो लिहितो वीस. मग एकीकडून दुसरी, दुसरीकडून तिसरी कंपनी. सोमवारी एक, बुधवारी दुसरी, शुक्रवारी तिसरी, आठवड्याचे वार बायांना आता कंपन्यांच्या नावानं पाठ आहेत. लाडक्या बहिणीचे दीड हजार आले की कितीतरी जणींचे सरळ हप्त्यात जातात, त्या पैशाची साडी सोडा, औषध पण येत नाही. गेल्या काही वर्षांत कंपन्यांच्या संघटनेनंच ठरवलंय की एका बाईला तीनच कंपन्यांनी द्यायचं आणि एकूण दोन लाखांच्या वर नाही, पण मला तर तीन पण जास्तच वाटतात.

नाव बाईचं आणि पैसा मालकाचा, हे पण लिहून ठेवते कारण जाहिरातीत फक्त हसऱ्या बाया आणि शिलाई मशीन असतं. बोअर, मोटरसायकल, पुतणीचं लग्न, जुनी देणी, यातलं काहीच वाईट नाही, पण हप्ता मात्र ओट्यावर बसून बाईनंच भरायचा. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो (ज्यांना २०१९ चं नोबेल मिळालं) यांनी हैदराबादच्या वस्त्यांमध्ये अशाच गटकर्जाचा अभ्यास केला होता, २०१५ मध्ये तो आणि मेक्सिको, मंगोलिया, मोरोक्को वगैरे देशांतले मिळून सहा अभ्यास एकदम छापून आले. निष्कर्ष काय तर थोडा फायदा होतो, पण आयुष्य बदलत नाही. ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांचा थोडा वाढला, लोकांनी घरात टिकाऊ वस्तू घेतल्या, चहा-तंबाखूवरचा खर्च जरा कमी केला, पण घरखर्चात मोठी वाढ नाही आणि घरात बाईचा शब्द वाढला असं काही दिसलं नाही. हैदराबाद शहर आहे, आमचं खेडं, तरी मला ते तंतोतंत पटलं. माझं दुकान आधीच होतं, मशीननं वाढवलं. जाऊबाईंनी शून्यातून सुरू केलं.

आणि हे बिघडलं तर किती बिघडू शकतं ते २०१० मध्ये आंध्रात दिसलंय. एकेका बाईवर चार-चार कर्जं, वसुलीचा जाच, आत्महत्यांच्या बातम्या, मग ऑक्टोबरमध्ये सरकारनं या कंपन्यांना वेसण घालायला अध्यादेश काढला आणि वसुलीच ठप्प झाली. आपल्याकडं नोटाबंदीनंतर विदर्भात बायांनी मोर्चे काढले होते ते पण याच कर्जाविरुद्ध. कर्नाटकात तर २०२५ मध्ये पुन्हा अध्यादेश काढावा लागला.

बचत गटाशी तुलना विचाराल तर करते, पण तिथं पण सगळं गोड नाही. नाबार्डनं (शेती आणि ग्रामविकासाची राष्ट्रीय बँक) १९९२ मध्ये गट बँकेला जोडायला सुरुवात केली, आपल्याकडं माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) आणि नंतर उमेद. गटाला बँकेकडून तीन लाखांपर्यंतचं कर्ज ७ टक्क्यानं, वेळेवर भरलं तर आणखी ३ टक्के सवलत, म्हणजे ४ टक्के. आमचा गट आत बाईला महिन्याला एक टक्क्यानं देतो. तेच ४० हजार, तेच २४ महिने, हप्ता १,८८३ च्या आसपास, व्याज पाच हजार दोनशे. फायनान्सच्या निम्म्याहून कमी, आणि वरचं व्याज गटातच राहतं, ते आमचंच. शेळीसाठी घेतलं तर हप्ता कधीपासून हे आम्ही बैठकीत बसून ठरवू शकतो, साहेबाला विचारायचं नाही.

पण वेळ! गट सुरू करून सहा महिने पंचसूत्री पाळायची, आठवड्याची बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब, मग बँकेत फाईल. बँकेत साहेब बदलला, फाईल सापडत नाही, पुढच्या सोमवारी या, ऑडिट चालूय, अध्यक्ष-सचिव दोघी पाहिजेत, एकीची सही जुळत नाही. रोज बुडवून तालुक्याला किती फेऱ्या मारायच्या. पोरगं तापानं फणफणलंय तेव्हा ही फाईल काय कामाची, म्हणूनच बाया ओट्यावरच्या साहेबाकडं जातात, व्याज कळत नाही म्हणून नाही. गटात राजकारण पण असतं, अध्यक्षबाईच्या जावेला आधी मिळतं वगैरे. तिसरा रस्ता म्हसवडच्या माणदेशी बँकेसारखा, बायांनी बायांसाठी १९९७ मध्ये काढलेली सहकारी बँक, पण ती आमच्याकडं नाही, साताऱ्याकडच्या बहिणींनी तिचा रिव्ह्यू लिहावा.

तर माझ्या मते गटकर्ज कुणी घ्यावं? जिच्या हातात रोज किंवा आठ-दहा दिवसाला रोख येतं तिनं, चालू धंदा वाढवायला, एकाच कंपनीकडून, आणि हप्ता महिन्याच्या शिलकीच्या निम्म्यात बसत असेल तर. शेळ्या, कोंबड्यांची पिल्लं, बी-बियाणं, ज्याचा पैसा वर्षानं येतो त्यासाठी नको, बिलकूल नको. लग्नासाठी तर नकोच नको. सही करायच्या आधी कार्डावरचा टक्का, हातात किती येणार आणि विम्याचे किती कापले हे तीन आकडे घरातल्या शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्या, आणि प्रत्येक हप्त्याची नोंद कार्डावर करून घेतल्याशिवाय ओट्यावरून उठू नका.

जाऊबाई आता आमच्या बचत गटात आल्यात. उरलेल्या शेळ्यांतली एक परवा व्याली, दोन पाठी झाल्या, त्या विकणार नाहीत म्हणतात. फायनान्सचे हप्ते अजून चालूच आहेत. कुणाच्या भागात शेळीपालनाला पहिले सहा-आठ महिने सूट देणारी कंपनी किंवा पतसंस्था असेल तर खाली लिहा, खरंच विचारतेय, आमच्याकडं अजून दहा-बारा बाया विचारायला आल्यात.